समुपदेशनाकडे काय मागावे?

(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांना एक निवेदन पाठविले. पीक हातचे गेले, बँकेचे कर्ज फेडण्याइतके उत्पन्न झाले नाही. तेव्हा शासनाने आमचे अवयव विकत घ्यावेत आणि त्या पैशांतून कर्जाची रक्कम वळती करून घ्यावी, अशी त्यात मागणी होती. मूत्रपिंड, यकृत, डोळे अशी यादी होती आणि अवयवापुढे त्याची किंमत लिहिलेली होती. बातमी सर्वदूर गेली. एखाद्याला ती आंदोलनाची क्लृप्ती वाटेल, दुसऱ्याला वैफल्याचा कडेलोट वाटेल. एकाच कागदावर दोन्ही असू शकतात, आणि आजच्या विषयाची अडचण नेमकी तेथून सुरू होते.

समजा, या दहा जणांकडे शासनाने कर्जासंबंधी काहीही न करता फक्त एक समुपदेशक पाठवून दिला असता. येथे बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला संताप आला असता, आणि तो रास्तच ठरला असता. कर्जाची नोंद सातबाऱ्यावर असते. सोयाबीनचा भाव मनात ठरत नाही, बाजार समितीत आणि त्याही पलीकडे आयात-निर्यातीच्या धोरणात ठरतो. मग मनाच्या डॉक्टरचे येथे काय काम, असा प्रश्न चळवळीत वर्षानुवर्षे विचारला गेला आहे. त्यामागे अनुभव आहे. सत्तेवर बसलेल्यांना दारिद्र्यापेक्षा दरिद्री माणसाच्या स्वभावाची चर्चा नेहमीच सोयीची वाटत आली आहे.

पण दुसरेही एक समजा. त्या दहांपैकी एकाला तीन आठवडे झोप नाही. ताट पुढे आले तरी घास उतरत नाही. बैलांना पाणी दाखवायचे तो विसरतो. बँकेत नूतनीकरणाचा कागद करायला जायचे ठरले होते, तो गेला नाही, आणि का गेला नाही हे त्याला सांगताही येत नाही. बायकोने विचारले तर एवढेच म्हणतो, “माझ्यानं व्हत नाही.” अशा माणसाला कर्जमाफी हवी आहे यात शंका नाही, पण कर्जमाफी येईपर्यंत तो असावयासही हवा. चळवळीच्या उत्तराला हंगाम लागतात, कधी पिढ्या लागतात. या माणसाजवळ कदाचित एक आठवडा आहे. त्या आठवड्यासाठी शासनाच्या आरोग्यसेवेतून जे समुपदेशन आणि जो औषधोपचार मिळतो त्याच्याकडून काय मिळू शकते, काय मिळणार नाही आणि काय हक्काने मागावयास हवे, एवढाच आजचा विषय आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. मानसिक आजारावर उपचार म्हणजे मनोरुग्णालय, हीच कल्पना दीर्घकाळ होती. महाराष्ट्रातील जुनी चार शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुण्याजवळील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ऐंशीच्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग करून दाखविला, की प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरला व आरोग्य सेवकाला शिकविले तर मोठ्या आजारांवरही जिल्ह्यातच उपचार होऊ शकतात. त्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आराखड्यात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक धरलेले असते. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला; हिंगोली त्यात होती. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करावी, खचलेला माणूस हेरावा आणि त्याला आरोग्य केंद्रापर्यंत व पुढे जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवावे, अशी त्याची कल्पना. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही चोवीस तास चालणारी विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाखांहून अधिक वस्ती. एवढ्या वस्तीसाठी एक पथक. ते पूर्ण भरलेले असले तरी अपुरे, आणि त्यातील एक जागा रिकामी राहिली तरी डोंगराकडच्या गावांच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू.

पहिली भेट बहुधा प्रश्नांची असते. अशा प्रश्नावलींपैकी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची आहे: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, थकवा, स्वतःविषयी वाईट वाटणे, आणि शेवटी, मरून जावे असे मनात येते का. हा शेवटचा प्रश्न ऐकून घरची माणसे दचकतात. असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल अशी त्यांना भीती वाटते. ती भीती खरी नाही. विचारल्याने विचार रुजत नाही. उलट, महिनाभर एकट्याने वाहिलेली गोष्ट पहिल्यांदा बोलता आली म्हणून अनेकांना रडू कोसळते आणि काहीसे हलके वाटते. पहिल्या भेटीत रडू येणे हे काहीतरी बिघडल्याचे लक्षण मानू नये. मात्र पहिल्या भेटीनंतर घरी परतताना पुष्कळांना रितेपण जाणवते, कधी पश्चात्तापही होतो, की परक्या माणसापुढे उगाच घरचे काढले. येथेच बरेचजण गळतात. दुसऱ्या भेटीला माणूस आला, तर उपचाराला खरी सुरुवात झाली असे समजावे.

त्यानंतर काय? समुपदेशक सल्ला देईल, ही सर्वांत मोठी गैरसमजूत. सल्ला देणारे गावात पुष्कळ असतात. “हिंमत धर, लेकराबाळांकडे बघ” हे त्या माणसाने शंभरदा ऐकलेले असते आणि प्रत्येक वेळी त्याला अधिक अपराधी वाटलेले असते. शिकलेला समुपदेशक दुसरेच काही करतो, आणि ते इतके साधे दिसते की प्रथमदर्शनी फसवणूक वाटावी. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये जी पद्धत तपासून पाहिली तिचे उदाहरण घेता येईल. तेथे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, निवडून शिकविलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट सुमारे अर्ध्या-पाऊण तासाची. खचलेला माणूस एकेक काम सोडत जातो. काम सुटले की अधिक खचतो. अधिक खचला की आणखी काम सुटते. हे चक्र त्याला दाखवून द्यायचे आणि उलटे फिरवावयास एक लहान, ठरलेले काम द्यायचे. सकाळी उठून गोठ्यापर्यंत जाणे, एवढे लहान. पुढच्या भेटीत ते झाले का, झाले नाही तर कोठे अडले, याचा हिशेब. मग थोडे मोठे काम. मग ज्या प्रश्नाला हात घालता येतो असा एखादा प्रश्न निवडून त्याचे तुकडे पाडणे: बँकेत कोणाला भेटायचे, सोबत कोण येईल, कोणता कागद लागेल.

त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीव्र नैराश्याचे जवळजवळ पाचशे रुग्ण त्यात होते. ज्यांना केंद्रातील डॉक्टरांची देखभाल मिळाली पण हे समुपदेशन मिळाले नाही, त्यांच्यापैकी तीन महिन्यांनी शंभरात ३९ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना समुपदेशनही मिळाले त्यांच्यातील शंभरात ६४. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. शंभरामागे पंचवीस माणसे अधिक बरी होतात, ही सामान्य गोष्ट नव्हे; खतात वा बियाण्यात एवढा फरक दिसला असता तर गावोगाव मेळावे भरले असते. आणि तरीही शंभरातील छत्तीस जण त्या मुदतीत बरे झाले नव्हते. म्हणून कार्यकर्त्याने कोणालाही हमी देऊ नये. ‘बहुधा फरक पडेल, नाही पडला तर पुढचे उपाय आहेत’ एवढेच सांगावे, कारण खोट्या हमीनंतरचे अपयश तो माणूस स्वतःच्याच खात्यावर लिहितो.

औषधासंबंधीही असेच. नैराश्यावरील गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंड कोरडे पडणे असा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. म्हणजे तोटा आधी आणि लाभ नंतर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल, पण दुसऱ्या आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर टाकणाऱ्या माणसाला कोणी तसे आधी सांगितलेले नसते. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा सहा किंवा अधिक, त्या चालू ठेवाव्या लागतात आणि स्वतःच्या मनाने एकदम थांबवायच्या नसतात. वसमत-कळमनुरीच्या शेतकऱ्याला हे पटवून देणे फारसे कठीण जाऊ नये. हळद लावल्यापासून काढेपर्यंत आठ-नऊ महिने थांबण्याची त्याला सवय आहे. अडचण त्याच्या धीराची नाही. आरोग्य केंद्रात पुढच्या महिन्याच्या गोळ्या असतील की नसतील, हे त्याला कोणी खात्रीने सांगत नाही, ही अडचण आहे.

आणि काय मिळणार नाही? समुपदेशक कर्ज देत नाही, माफ करीत नाही, पीकविम्याची रक्कम मिळवून देत नाही, भावकीतला बांधाचा वाद सोडवीत नाही. नवऱ्याची दारू बायकोने समुपदेशकाकडे चकरा मारल्याने सुटत नाही. त्यासाठी नवऱ्यालाच उपचाराला यावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष स्पष्ट करावयास हवी. आपल्याकडे ‘समुपदेशन’ या शब्दाला अलीकडे एक वाईट वास येऊ लागला आहे. मार खाऊन आलेल्या बाईला चार वडीलधारी माणसे बसवून समजूत घालतात आणि नांदावयास परत पाठवितात. यालाही समुपदेशनच म्हणतात. ते समुपदेशन नव्हे, ती तडजोड, आणि तीही एकाच बाजूने केलेली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत स्त्रिया व मुलांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढे राज्य शासनाने ज्याचा विस्तार केला, त्याचा गाभा वेगळा होता: प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आवारातच बसते, बाईचे दुःख ऐकते आणि त्याच वेळी तक्रार, निवारा, पोटगी, स्त्रीधन या मार्गांनी तिच्यासोबत चालते. हिंसा थांबविणे हे पहिले काम. नाते टिकवायचे की नाही हा निर्णय बाईचा. जेथे समुपदेशनाच्या नावाखाली “थोडं सहन कर” असे ऐकावे लागेल, तेथून बाईने उठून यावे आणि कार्यकर्त्यांनी तिच्यामागे उभे राहावे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. समुपदेशनाच्या राजकारणाविषयी सावध राहण्यास कारणे आहेत. इंग्लंडमध्ये २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत संवादोपचारांचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा पाठपुरावा डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाच्या जोडीने रिचर्ड लेयर्ड या अर्थशास्त्रज्ञाने केला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ हिशेबाचा होता: नैराश्याने माणूस कामावरून उठतो, भत्त्यावर जातो, त्याच्या उपचारावर खर्च केला तर तो कामावर परत येतो आणि खर्च भरून निघतो. या युक्तिवादाने हजारो समुपदेशक नेमले गेले आणि लक्षावधी सामान्य माणसांना पूर्वी केवळ पैसेवाल्यांना मिळणारी सेवा मिळाली. परंतु तेथील डाव्या टीकाकारांनी विचारले, की माणसाला आजारी पाडणारे काम तसेच ठेवून त्याला त्याच कामावर परत धाडणे याला आरोग्य म्हणावयाचे काय? प्रश्न बिनतोड आहे. तथापि त्या टीकाकारांपैकी शहाण्यांनी कार्यक्रम बंद करा असे म्हटले नाही. हिशेबाच्या युक्तिवादात एक धोका मात्र आहे. ज्याच्या श्रमाला बाजारात किंमत नाही, अशा सत्तर वर्षांच्या आजीच्या उपचाराने कोणताच खर्च भरून निघत नाही. मग तिला उपचार नाकारावयाचा काय? हक्काची भाषा हिशेबाच्या भाषेपेक्षा जड वाटते, पण ती आजीला वगळत नाही.

विदर्भातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प सुमारे दीड वर्ष चालविला गेला. त्याचेही निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातीलच माणसांनी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, साधे समुपदेशन गावात दिले, अवघड रुग्ण डॉक्टरकडे पाठविले. आरंभी नैराश्य असलेल्यांपैकी शंभरात चार-पाच जणच कोठे तरी उपचार घेत होते. अखेरीस २७ जण घेऊ लागले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, तेव्हा ही सारी घट प्रकल्पामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण उपचार जवळ आणला आणि ओळखीच्या तोंडून सांगितला की माणसे येतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. खेडूत माणूस मनाचे दुखणे मानीत नाही, ही शहरी समजूत त्या गावांनी खोटी पाडली.

आजार न सांगण्यामागे जे भय असते, त्याचा एक भाग शासनानेच निर्माण केला आहे. त्याची चर्चा क्वचितच होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची तरतूद राज्यात २००५-०६ पासून आहे. ती मिळण्यासाठी नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जफेडीचा तगादा ही कारणे सिद्ध व्हावी लागतात. जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरविते. दारू, आजार, घरगुती भांडण अशी नोंद पंचनाम्यात आली की विधवेच्या मनात धडकी भरते. म्हणजे तहसीलच्या दारात दुःख केवळ आर्थिक आहे असे सांगावे लागते, आणि रुग्णालयाच्या दारात त्याच घराला ते मानसिक आहे असे सांगावे लागते. माणूस मात्र एकच असतो. कर्जाने झोप उडते, झोप उडाल्याने निर्णय चुकतात, चुकलेल्या निर्णयाने कर्ज वाढते, त्यावर दारू येते. यातील कोणते टोक आर्थिक आणि कोणते मानसिक हे पंचनाम्याच्या रकान्यात कसे लिहिणार? मानसिक आजाराची नोंद मदतीच्या आड येणार नाही, असे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले पाहिजे. ही मागणी चळवळीने लावून धरण्याजोगी आहे. आजवर ती जोराने पुढे आली नाही, यात थोडा दोष चळवळीचाही आहे. ‘कर्जानेच मेला’ असे ठासून सांगण्याच्या भरात मेलेल्या माणसाची शेवटची सहा महिन्यांची तगमग कार्यकर्त्यांनीही ऐकून घेतली नाही.

सेवा विनामूल्य आहे, असे फलकावर लिहिलेले असते. औंढा किंवा सेनगाव तालुक्याच्या टोकावरील गावातून हिंगोलीला येणाऱ्या मजुराला ती विनामूल्य नसते. जाण्या-येण्याचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी, आणि बसचे वेळापत्रक असे की दहा मिनिटांच्या भेटीत सबंध दिवस जातो. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. त्यांना याचा थोडा आधार झाला. आठ भेटींचा उपचार म्हणजे आठ दिवसांची मजुरी. शिवाय पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीच्या हंगामात कोणी येणार नाही, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली टोळी गाव सोडून जाते ती उन्हाळ्यातच परतते. उपचाराची आखणी या पंचांगाप्रमाणे झाली पाहिजे. पथकाने आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बसावे; स्थलांतरित कुटुंबाचे कागद व औषधे जेथे ते जाईल त्या जिल्ह्यात चालावीत; मधल्या भेटी दूरध्वनीवर व्हाव्यात. यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

ज्या आशा कार्यकर्तीवर हे सारे उभे आहे तिची स्थितीही विसरता येणार नाही. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, क्षयाचे सर्वेक्षण, आणि त्यात भर म्हणून घरातील खचलेला माणूस ओळखणे. तिला नोकरी नाही, मानधन आहे. काही कामांचा मोबदला कामागणिक मिळतो. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिला संपावर जावे लागले. दुसऱ्याच्या घरी अर्धा तास शांतपणे बसून ऐकण्यासाठी जी सवड लागते ती तिला कोणत्या तासात मिळावी? प्रश्नावली दारात उभ्याने भरून झाली असेल, तर दोष तिच्यावर टाकणे सोपे आहे.

कायदा काय देतो, हे कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला व २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या अठराव्या कलमाने शासनाच्या वा शासनाच्या पैशाने चालणाऱ्या केंद्रांत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरला. दारिद्र्यरेषेखालील व निराधार व्यक्तींना तो विनामूल्य मिळाला पाहिजे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातील अन्य सेवा घेण्याचा आणि त्याचा खर्च शासनाने सोसण्याचाही हक्क त्यात आहे. किती जिल्ह्यांत कोणी हा खर्च मागितला आहे? तेविसाव्या कलमाने गोपनीयतेचा हक्क दिला. समुपदेशकापुढे बोललेले सरपंचाला, बँकेच्या अधिकाऱ्याला वा पाहुण्यांना कळता कामा नये. अपवाद आहेत, पण ते मोजके आणि कायद्यात लिहिलेले. एकशे पंधराव्या कलमाने असे ठरविले, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य मानावे. जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलेच नाही. (लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र नव्या संहितेतही गुन्हा आहे. उपोषणाची परंपरा सांगणाऱ्यांनी ते कलम एकदा काळजीपूर्वक वाचावे.) विष घेतलेल्या माणसाला पोलिसांच्या भीतीने घरीच मिठाचे पाणी पाजीत बसणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांना हे सांगितले गेले, तर काही जीव वाचतील.

विषाचा उल्लेख आला म्हणून आणखी थोडे. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. दारिद्र्य संपले नव्हते, समुपदेशक वाढले नव्हते; हाताशी असलेले मरण थोडे दूर गेले होते. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा काही तासांचा असतो. ज्या घरात माणूस खचलेला आहे त्या घरातील फवारणीची औषधे शेजाऱ्याच्या कुलपात ठेवविणे हे काम कार्यकर्ता आज संध्याकाळी करू शकतो.

भगताकडे, दर्ग्यावर, देवीच्या ठाण्यावर जाणाऱ्यांची टिंगल करून काही साधत नाही. अघोरी प्रकार, मारहाण, साखळदंड यांविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण नुसता अंगारा लावून आलेल्या माणसाला “आता गोळीही घे” असे म्हणता येते. नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाणाऱ्या बाईला वाटेत हिंगोलीचे रुग्णालय लागते, तर तिने दोन्ही ठिकाणी जावे.

राहता राहिला कार्यकर्त्याचा स्वतःचा वाटा. त्याने समुपदेशक होऊ नये. चार पुस्तके वाचून दुसऱ्याच्या मनात हात घालणे हे फवारणीच्या पंपाने सलाईन देण्यासारखे आहे. त्याने सोबत जावे. चिठ्ठी काढण्याच्या रांगेत उभे राहावे, कोणत्या खोलीत जायचे ते विचारावे, आणि मग खोलीबाहेरच्या बाकावर बसावे. आत बोलणे चालू असताना दार लोटलेले आहे ना, हे पाहावे. उघड्या दाराशी दहा माणसे ताटकळत उभी असतील तर अधीक्षकांना तेथल्या तेथे भेटून निदान एका पडद्याची मागणी करावी. बाहेर आल्यावर “काय म्हणाले?” असे विचारू नये. चहा घ्यावा. पुढची तारीख कागदावर लिहून दिली आहे की नाही तेवढे बघावे, आणि त्या दिवशी बस किती वाजता आहे ते स्थानकावर विचारून ठेवावे.